पिवळा दिवा आणि ज्ञानाची मक्तेदारी

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या औद्योगिक पट्ट्यातून महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने लहान लहान गॅरेजे लागतात. पत्र्याची शेड, समोर तेल सांडून काळी पडलेली जमीन, एक अनुभवी मिस्त्री आणि हाताखाली काम शिकणारे एक-दोन तरुण, एवढाच बहुतेकांचा पसारा. येथे येणाऱ्या गाड्या नव्या कोऱ्या नसतात. वॉरंटी संपलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या, दहा-पंधरा वर्षे राबलेल्या मोटारी, भाजी वाहणाऱ्या व्हॅन, शाळेची मुले नेणाऱ्या गाड्या यांचा हा दवाखाना आहे. आणि त्यांतील अनेक गाड्यांची तक्रार आता एकाच स्वरूपाची असते : गाडी चालते आहे, पण चालकासमोरच्या पट्टीवरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला आहे आणि तो विझत नाही.

ही तक्रार वरवर पाहता क्षुल्लक आहे. एखाद्या दिव्याविषयी राजकीय कार्यकर्त्याने विचार तो काय करावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु त्या दिव्यामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. यंत्र ज्याच्या मालकीचे आहे आणि जो ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो, त्या दोघांनाही त्या यंत्राची भाषा वाचता येऊ नये, ती केवळ यंत्र बनविणाऱ्यालाच वाचता यावी, अशी व्यवस्था समाजाने मान्य करावी काय ? उत्पादनसाधनांच्या मालकीचा विचार समाजवादी चळवळीने सातत्याने केला. त्या साधनांविषयीच्या ज्ञानाची मालकी हा त्याच विचाराचा पुढचा भाग आहे.

प्रथम दिव्याचे मूळ पाहू. तो कोणा कारखानदाराच्या उदारतेतून आलेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराने शहरांची हवा विषारी होऊ लागली, तेव्हा तेथील राज्याच्या हवा मंडळाने १९८८ पासूनच्या नव्या मोटारींना स्वतःच्या उत्सर्जन-यंत्रणेवर स्वतःच लक्ष ठेवणारी योजना सक्तीची केली. तिलाच पुढे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, संक्षेपाने ओबीडी, हे नाव रूढ झाले. १९९६ पासून तिची सुधारलेली आवृत्ती सर्व अमेरिकेत लागू झाली आणि तिच्याबरोबर एकसारखे १६ पिनांचे सॉकेट व एकसारखे दोष-क्रमांकही आले. भारतात भारत स्टेज-४ मानकांच्या जोडीने या योजनेचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून आला. म्हणजे हा दिवा मुळात नागरिकाच्या फुप्फुसांच्या रक्षणासाठी कायद्याने लावलेला दिवा आहे. तो सार्वजनिक हिताचा दिवा आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात विसरता कामा नये.

आता त्याची भाषा. दिवा पेटतो तेव्हा गाडीतील संगणक आपल्या स्मृतीत एक क्रमांक नोंदवून ठेवतो. पहिले अक्षर विभाग सांगते : पी म्हणजे इंजिन आणि गती देणारी यंत्रणा, बी म्हणजे गाडीची काया, सी म्हणजे सांगाडा व ब्रेक, यू म्हणजे संगणकांमधील आपसातील दळणवळण. त्यानंतरचा पहिला अंक शून्य असला तर तो क्रमांक सर्व कंपन्यांना समान असतो. एक असला तर तो बहुधा त्या त्या कंपनीचा खासगी क्रमांक असतो. पुढचा अंक उपविभाग दाखवितो : १ किंवा २ असेल तर हवा व इंधनाचे प्रमाण, ३ असेल तर ठिणगी व ज्वलन, ४ असेल तर उत्सर्जन रोखणारी साधने. ज्याने दहावीपर्यंत शिक्षण घेतले आहे, त्याला ही बाराखडी एका दुपारी शिकता येते. पण लक्षात घ्यावयाचे ते हे की, तिच्यात समाईक आणि खासगी असे दोन भाग पहिल्यापासून पाडलेले आहेत. कायद्याने जेवढे उघडे करावयास लावले तेवढे समाईक झाले; उरलेले कंपनीच्या कुलपात राहिले.

क्रमांक वाचला म्हणजे दोष सापडला, हा सार्वत्रिक भ्रम आहे, आणि बहुतेक फसवणूक याच भ्रमावर पोसली जाते. क्रमांक ही यंत्राची फिर्याद आहे. निकाल तपासाअंती लागावयाचा असतो. ज्या अवयवाचे नाव फिर्यादीत असते तोच गुन्हेगार असतो असे नाही. कित्येकदा तो केवळ साक्षीदार असतो.

पी०१७१ हा अगदी नेहमीचा क्रमांक घेऊ. त्याचा अर्थ एवढाच की, इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. हे इंजिनाला कळते ते धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सरमुळे. म्हणून घाईच्या ठिकाणी पहिला बळी त्या सेन्सरचा जातो : नवा बसवा, पैसे द्या, दिवा पुसून टाका. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. कारण सेन्सरने खरी साक्ष दिलेली असते. खरा दोष हवेच्या नळीला पडलेल्या चिरेत, मळलेल्या हवा-मापकात, दुबळ्या झालेल्या पेट्रोल पंपात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये असू शकतो. यांतील कोणता, हे ठरविण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे. संगणक इंधनात किती टक्के वाढ-घट करून तोल सांभाळतो आहे, हा आकडा साध्या स्कॅनरवरही दिसतो. तो दहा टक्क्यांच्या आत असला तर सामान्यतः चिंता नसते. गाडी जागच्या जागी चालू असताना तो फार चढलेला असेल आणि इंजिनाचा वेग वाढविताच खाली येत असेल, तर कोठून तरी चोरटी हवा शिरत आहे असे समजावे. उलट भार वाढताच तो चढत असेल, तर इंधनाचा पुरवठाच अपुरा आहे. एवढ्या एका निरीक्षणाने हजारो रुपयांचा निरर्थक खर्च टळतो.

वसई-विरारमध्ये या क्रमांकाला आणखी एक स्थानिक कारण जोडले पाहिजे. पेट्रोलचा भाव परवडत नाही म्हणून येथील अनेक जुन्या गाड्यांना मागाहून सीएनजीचे किट बसविले जाते. गाडीचा मूळ संगणक पेट्रोलसाठी शिकलेला असतो. किटची जुळणी नीट झाली नसेल, तर तो गॅसवर चालताना चुकीचे धडे गिरवितो आणि दिवा लावतो. अशा वेळी गाडी काही दिवस केवळ पेट्रोलवर चालवून आकडा पूर्ववत होतो का, हे पाहणे हा पहिला उपाय आहे. त्याला वेळ लागतो, सुटे भाग लागत नाहीत. जेथे मिळकत सुटे भाग विकण्यातून होते, तेथे नेमका हाच उपाय सुचविला जात नाही.

दुसरे उदाहरण पी०४२० चे. सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातील विष नीट निवळीत नाही, असे हा क्रमांक सांगतो. या अवयवात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. म्हणून तो महाग असतो, आणि म्हणूनच गेल्या काही वर्षांत व्हॅनचे सायलेन्सर रातोरात कापून नेणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात व गुजरातेत उघडकीस आल्या. चोरीनंतर पोकळ नळी बसवून गाडी चालविली तर हा क्रमांक येणारच. परंतु अवयव जागेवर असतानाही तो येतो. कन्व्हर्टरच्या आधी व नंतर असे दोन सेन्सर असतात. त्यांच्या नोंदींची तुलना करून संगणक हा निष्कर्ष काढतो. दोहोंच्या मध्ये सायलेन्सरला भोक पडले असेल किंवा मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, तरी निष्कर्ष चुकतो. आणि कन्व्हर्टर खरोखरच निकामी झाला असला, तरी तो का झाला हा प्रश्न उरतोच. प्लग नीट ठिणगी देत नसेल तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याला जाळून टाकते. ते मूळ कारण दूर न करता नवा कन्व्हर्टर बसविला, तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून पी०३०० ते पी०३०४ या ठिणगी चुकल्याच्या क्रमांकांकडे आधी पाहावयाचे, कन्व्हर्टरकडे नंतर. दिवा स्थिर असेल तर सवडीने तपास करता येतो. तो लुकलुकत असेल तर गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, कारण कन्व्हर्टर त्या क्षणी जळत असतो.

या भूमीची हवाही तपासात धरली पाहिजे. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत किनाऱ्यावरचा खारा वारा तांब्याच्या जोडांवर हिरवा मुलामा चढवितो. पावसाळ्यात सखल वस्त्यांत गाड्या पाण्यात उभ्या राहतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई परिसरात रुळांवर पाणी चढून रेल्वे बंद पडली आणि कित्येक वसाहती दिवसेंदिवस पाण्यात होत्या, तो अनुभव येथील लोक विसरलेले नाहीत. शेताजवळ उभ्या असलेल्या गाडीतील वायरी उंदीर कुरतडतात. महामार्गावरचे खड्डे कपलर खिळखिळे करतात. म्हणून एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच क्रमांक आले, तर महागड्या अवयवांकडे धावण्याआधी बॅटरीचा दाब, अर्थिंगची तार आणि कपलरमधला गंज ही तीन ठिकाणे पाहणारा मिस्त्री खरा जाणकार समजावा. कंपनीच्या पुस्तकात वसईचा पाऊस लिहिलेला नसतो. तो गॅरेजातल्या माणसाच्या अनुभवात लिहिलेला असतो.

येथेच प्रश्नाचे दुसरे अंग सुरू होते. हा अनुभवी माणूस आज असहाय का होत चालला आहे ? ओबीडीपूर्वीच्या काही मोटारींत दोष शोधण्याची रीत अगदी साधी होती. ठरावीक दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की तोच पिवळा दिवा ठेक्याने लुकलुकू लागे. लांब लुकलुक किती, आखूड किती, हे मोजून क्रमांक काढावयाचा आणि कागदावरील तक्त्याशी ताडून पाहावयाचा. साधन म्हणजे वीतभर तार आणि एक तक्ता. तो तक्ता एका मिस्त्रीकडून दुसऱ्याकडे उतरवून घेतला जाई. आज स्वस्तातला स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि मोबाईलवर समाईक क्रमांक वाचून दाखवितो. परंतु खासगी क्रमांक, ब्रेकचा व एअरबॅगचा विभाग, नव्या चावीची नोंदणी, बदललेल्या अवयवाची संगणकाला करून द्यावी लागणारी ओळख या सर्व गोष्टींसाठी कंपनीचे यंत्र, कंपनीचे सॉफ्टवेअर आणि त्याची वार्षिक वर्गणी लागते. हात तोच, कौशल्य तेच. मध्ये मात्र पासवर्ड येऊन बसला आहे.

अर्थशास्त्राने या परिस्थितीचे विश्लेषण बरेच आधी करून ठेवले आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात चांगली वस्तू मागे हटते आणि वाईट वस्तू उरते. पुढे २००१ साली त्यांना याच स्वरूपाच्या कार्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. काही सेवांचा दर्जा ग्राहकाला त्या घेतल्यानंतरही कळत नाही. काय बिघडले हे सांगणारा आणि तेच दुरुस्त करून पैसे घेणारा एकच असतो, तेव्हा फसवणुकीला बाजार स्वतःहून आळा घालू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी ज्या स्पर्धेचा जयघोष करावा, ती स्पर्धा माहितीच्या अंधारात जन्मालाच येत नाही, हे यावरून सिद्ध होते.

दोष मिस्त्रीचा नाही काय, असे कोणी विचारील. काही अंशी आहे. तो झाकण्याचे कारण नाही. क्रमांकात ज्या अवयवाचे नाव दिसेल तो बदलून मोकळे व्हावयाचे, ही वृत्ती लहान गॅरेजांतही आहे आणि चकचकीत सेवाकेंद्रांतही आहे. फरक इतकाच की, लहान गॅरेजात ती बहुतांशी अपुऱ्या प्रशिक्षणातून येते, आणि मोठ्या सेवाकेंद्रात ती विक्रीच्या उद्दिष्टातून येते. अपुरे ज्ञान असलेला मिस्त्री अंदाजाने भाग बदलतो, अंदाज चुकला की गिऱ्हाईक तुटते, आणि त्याचे नाव खराब होते. मग तेच गिऱ्हाईक नाइलाजाने कंपनीच्या दारात जाते. अशा रीतीने अज्ञान लादावयाचे आणि मग त्याच अज्ञानाचा दाखला देऊन मक्तेदारीचे समर्थन करावयाचे, हे चक्र पूर्ण होते. यातील दोन्ही बाजूंचे बळी सामान्य आहेत : एक गाडीचा मालक, दुसरा दुरुस्त करणारा श्रमिक.

हे केवळ आरोप नव्हेत. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने या व्यवहाराची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देऊन या कंपन्यांनी बाजारातील आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजांना भाग व साधने उपलब्ध करून द्यावीत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अर्थातच वरच्या दरबारात गेल्या. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या अपिलांवर निर्णय देताना मूळ निष्कर्ष ग्राह्य धरला. दंडाचा पाया मात्र एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीपुरता मर्यादित केला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व मोटारी ही चार क्षेत्रे निश्चित केली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले.

आदेश आहे, समिती आहे, पोर्टल आहे. नाही तो कायदा. कंपनीने माहिती स्वेच्छेने द्यावी, अशी अपेक्षा बाळगणारे पोर्टल आणि न दिल्यास शिक्षा करणारा कायदा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनेच उत्सर्जनासंबंधीची दुरुस्ती-माहिती कंपन्यांनी स्वतंत्र कारागिरांना द्यावी असे बंधन घातले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने पाठिंबा दिला, आणि त्याच धर्तीवर जानेवारी २०१४ मध्ये कंपन्यांच्या संघटनांना देशभरासाठी करार मान्य करावा लागला. गाड्या बिनतारी मार्गाने आपली माहिती थेट कंपनीला पाठवू लागल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी त्या माहितीवरही हक्क सांगितला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे लोकांनी मतपेटीतून मिळविले, ते मागताना भारतीय ग्राहकाने संकोचण्याचे कारण नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे की, माहिती उघडी केली तर अकुशल हातांनी सुरक्षिततेशी खेळ होईल आणि उत्सर्जनाच्या मर्यादा मोडल्या जातील. या युक्तिवादात काही तथ्य आहे. ब्रेक आणि एअरबॅग यांची दुरुस्ती प्रशिक्षणाविना करू देऊ नये, हे मान्यच आहे. परंतु त्यावरील उपाय प्रशिक्षण आणि परवाना हा आहे. अज्ञान हा नाही. औषधांची माहिती धोकादायक आहे म्हणून वैद्यकाची पुस्तके कुलपात ठेवली जात नाहीत, वैद्याला शिकविले जाते. उत्सर्जनाविषयी तर वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दुरुस्ती महाग आणि गूढ झाली की माणूस दुरुस्ती टाळतो. मग दिव्यावर काळी पट्टी चिकटविली जाते, बल्ब काढून टाकला जातो, किंवा दर आठवड्याला क्रमांक पुसून पुढे ढकलले जाते. क्रमांक पुसल्याने दोष जात नाही. दोष घडला त्या वेळी गाडीचा वेग, तापमान, भार काय होता याची जी नोंद संगणकाने ठेवलेली असते ती मात्र नष्ट होते आणि पुढचा तपास आंधळा होतो. पीयूसी केंद्रावर धुराड्याला नळी लावून वायू मोजले जातात; गाडीच्या स्मृतीत काय नोंदले आहे हे तेथे विचारले जात नाही. त्यामुळे दिवा पेटलेली गाडीही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. तिचा धूर महामार्गाच्या कडेच्या चाळींत राहणारी मुले आपल्या छातीत घेतात. दुरुस्तीचा हक्क आणि स्वच्छ हवेचा हक्क हे परस्परविरोधी नाहीत. पहिल्यावाचून दुसरा कागदावरच राहतो.

आणखी एक आक्षेप चळवळीच्या आतून येण्याजोगा आहे. मोटार हा मध्यमवर्गीयांच्या सोयीचा विषय आहे. श्रमिकांच्या पक्षाने सार्वजनिक वाहतुकीचा आग्रह धरावा, मोटारींचा नव्हे. या आक्षेपाचा पूर्वार्ध अपुरा आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील भाजी-फुले बाजारात नेणारी व्हॅन, अर्नाळ्याची मासळी वाहणारा टेंपो, पूर्वेकडील वस्त्यांतून मुलांना शाळेत पोहोचविणारी गाडी ही चैनीची साधने नाहीत. त्यांच्या मालकाचे सारे भांडवल त्या जुन्या लोखंडात अडकलेले असते. गाडी दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांची चूल थंडावते. आणि सार्वजनिक वाहतुकीविषयी बोलावयाचे, तर विरार लोकलच्या गर्दीत रोज जीव मुठीत धरून प्रवास करणाऱ्याला तिच्या उणिवा सांगण्याची गरज नाही. ती सुधारलीच पाहिजे. परंतु ती सुधारेपर्यंत ज्यांचे पोट जुन्या गाडीवर आहे, त्यांना मक्तेदारीच्या हवाली करणे हा समाजवाद नव्हे.

शासनाचे धोरण या वर्गाला उलट दिशेने ढकलीत आहे. १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर नेण्यात आले. जुनी गाडी प्रदूषण करते म्हणून ती मोडीत काढावी, असा या धोरणाचा आशय आहे. नीट राखलेली जुनी गाडी आणि दुर्लक्षित जुनी गाडी यांत ते भेद करीत नाही. वास्तविक हा भेद करण्याचे साधन प्रत्येक ओबीडी गाडीत कायद्याने बसविलेलेच आहे. गाडीचे वय न पाहता तिची प्रकृती पाहा, तिच्या स्मृतीतील नोंदी वाचा, दोष असेल तर तो परवडणाऱ्या खर्चात दूर करण्याची सोय उपलब्ध करून द्या, आणि मगच मोडीची भाषा बोला, असे शासनाला सांगितले पाहिजे. नवी मोटार घडविण्यासाठी लागणारे पोलाद, वीज आणि पाणी यांचा हिशेब मोडीच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच मांडला आहे.

मग करावयाचे काय ? मागणी वरच्या पातळीवर एकच आणि स्पष्ट असावी : स्पर्धा आयोगाच्या २०१४ च्या आदेशातील तत्त्वांना संसदेने कायद्याचे रूप द्यावे; खासगी दोष-क्रमांकांचे अर्थ, वायरिंगचे नकाशे आणि तपासाची पद्धत वाजवी शुल्कात कोणाही परवानाधारक गॅरेजाला मिळावी; आणि ही माहिती मराठीसह भारतीय भाषांत असावी. परंतु दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांना आपल्या परिसरात आजच हाती घेता येईल असे बरेच आहे. एका लहान गॅरेजाला उत्तम प्रतीचा स्कॅनर आणि त्याची वर्गणी झेपत नाही. दहा गॅरेजांनी सहकारी तत्त्वावर एक घेतला तर झेपतो. धान्य, दूध आणि पतपुरवठा यांत सहकाराचा मार्ग दाखविणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये. पालघर जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जुन्या मिस्त्रींसाठी रविवारचे छोटे वर्ग चालवावेत, अशी मागणी करता येईल. त्या वर्गांत शिकणाऱ्याइतकेच शिकविणाऱ्यालाही शिकावयास मिळेल.

आणि सर्वांत सोपी गोष्ट ग्राहकाच्या हातात आहे. गाडी दुरुस्तीला दिली की क्रमांक पुसण्यापूर्वी तो लिहून मागावा, त्याबरोबरची नोंदही मागावी. कोणता भाग बदलावयाचा आणि कोणत्या तपासणीवरून, हे विचारावे. काढलेला जुना भाग परत मागावा. ज्या मिस्त्रीने भाग न बदलता केवळ तपासात दोन तास घालविले आणि दोष शोधून दिला, त्याला त्या दोन तासांचे पैसे द्यावेत. तपासाला मोल न देता केवळ भागालाच मोल देणारा ग्राहक स्वतःच भाग बदलण्याच्या प्रवृत्तीला खतपाणी घालतो. बौद्धिक श्रमाला दाम नाकारणारा समाज शेवटी वस्तूच्या विक्रेत्याचा गुलाम होतो, हे गॅरेजाच्या दारातही तितकेच खरे आहे.

वालीवच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणी मिस्त्री आज आपल्या मोबाईलवर पी०१७१ हा क्रमांक पाहत असेल. त्याच्या हातात अनुभव आहे, कानात इंजिनाचा आवाज आहे आणि वसईचा पाऊस त्याला ठाऊक आहे. त्याला उरलेली माहिती मिळाली, तर त्या गाडीचा मालक उद्या सकाळी पुन्हा भाजी घेऊन निघेल, आणि रस्त्यावरचा धूरही कमी होईल. ती माहिती ज्यांनी अडवून धरली आहे, त्यांच्याकडून ती मिळविणे हे काम लहान दिसते. परंतु ज्या लढ्यात श्रमिकाला त्याच्याच कौशल्याची मालकी परत मिळावयाची आहे, तो लढा लहान म्हणता येणार नाही.